मोरपंखी फोल्डर

सोनालीच्या कॉम्प्युटरवरचे सगळे फोल्डर एकजात पिवळे. चादरीच्या कारखान्यात लागून तिला वीस दिवस झाले होते, आणि मालक महेश्वरअण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "महिनाभर बघतो. घोळ घातलास, की बार्शीची एसटी पकड." बार्शीला परत जायचं म्हणजे आईनं आणलेली स्थळं बघत बसायचं. त्यापेक्षा घोळ न घातलेला बरा!

म्हणून तिनं फोल्डर रंगवले. घाईचं काम लाल, गिऱ्हाइकाच्या उत्तरासाठी अडलेलं निळं, झालेलं हिरवं. झकास दिसायला लागलं. पण बाई गं, सूत रंगवणाऱ्यांच्या कारखान्यात असे मनाचे रंग लावायचे म्हणजे हलवायाच्या दुकानात साबणाच्या वड्या मांडण्यासारखंच की!

दुपारी रंगखात्याचे नरसय्या मास्तर आले. चाळीस वर्षं सूत रंगवून त्यांची नखं कायमची जांभळी झालेली. पूर्वी ऑर्डरीच्या चिठ्ठीला हव्या त्या रंगाच्या सुताचा तुकडा बांधून यायचा. कॉम्प्युटर आला आणि ती पद्धत गेली.

"मैंदर्गीच्या चंद्रव्वाबाईंच्या घरचं लग्न हाय न्हवं, त्या चादरींचा रंग कंचा?" मास्तरांनी विचारलं.

सोनाली फोनवर होती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय, फोल्डरवरच लिहिलंय की."

मास्तर वाकले, डोळे बारीक केले, "व्हय व्हय, दिसलं," म्हणाले आणि गेले.

लिहिलेलं होतं 'मोरपंखी'. फोल्डर मात्र लाल, कारण चंद्रव्वांना चादरी आठ दिवसांत हव्या होत्या.

संध्याकाळी दांडीवर लालभडक सुताच्या लड्या वाळत होत्या आणि अण्णांचा आवाज गेटपर्यंत ऐकू येत होता. "कुणी सांगितला लाल?"

आता संपलं सगळं, असं सोनालीला वाटलं. तरी ती पुढे झाली. "माझं चुकलं, अण्णा. मी फोनवर होते, नीट सांगितलं नाही."

"मग उद्यापासून..."

"थांबा, अण्णा." मास्तर मध्ये आले. "पोरीनं बोट ठिवून दाखवलं होतं. मला वाचता येत न्हाय."

रोज सकाळी टपरीवर पेपर पसरून बसणारे मास्तर! चाळीस वर्षांत कुणाला पत्ता नव्हता.

"सुताचा तुकडा आसायचा तवर निभलं," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "आज फोल्डर लाल दिसला, म्हटलं लालच आसंल. परत इचारायची लाज वाटली. घालवायचं तर मला घालवा."

"तुम्हाला घालवून मी काय पांढऱ्या चादरी विकू होय?" अण्णा ओरडले, पण आवाजातली धार गेली होती. "लाल सूत दुसऱ्या ऑर्डरीला लागंल. मोरपंखी सकाळीच चढवा. आणि सोनाली, फोल्डरांना सुताचेच रंग दे. दुसऱ्याची चूक अंगावर घेणारं माणूस हितं पहिल्यांदाच बघतोय. तू आता कायम."

सोनालीला हसावं की रडावं कळेना. ती धावत कॉम्प्युटरकडे गेली. मागोमाग मास्तर आले आणि खुर्ची ओढून बसले.

"ह्यो मोरपंखी?" ते खेकसले. "ह्यो तर आजारी पोपट! निळा वाढव. अजून. आता चिमूटभर काळा."

फोल्डर हवा तसा झाला. मास्तरांनी त्याखालच्या नावावर जांभळं नख टेकवलं. "ह्यातलं पयलं अक्षर कंचं?"

"मो," सोनाली हळूच म्हणाली. दार सताड उघडं होतं, बाहेर माणसं उभी होती.

"मो!" मास्तर मोठ्यानं म्हणाले. "पुढचं सांग."