पेरूजवळचा कोपरा

पाण्याने भरलेलं पिंप हिंदुरावांनी दोन्ही हातांनी ढकललं. ते चार हात सरळ गेलं, मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, डावीकडे वळलं आणि झेंडूची रोपं आडवी करून कुंपणाला जाऊन टेकलं. मागे नव्या गवतावर लांबलचक चर उमटला.

“उल्हासनगरचा तो दुकानदार म्हणाला होता, ले जाओ साईं, रोलर से अच्छा चलेगा,” हिंदुराव पुटपुटले.

“चालला की,” माळी भगवान म्हणाला. “लॉन सोडून चालला, एवढंच.”

अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला सूतभर फरकही खपत नाही. निवृत्त झाल्यावर हिंदुरावांनी बदलापूरला मांजर्लीत छोटा बंगला बांधला आणि पुढच्या जागेत लॉन करायचं ठरवलं. पण श्रावणात नदीचं पाणी कुंपणाच्या आत येऊन गेलं. ते ओसरल्यावर जमीन कुठे फुगली, कुठे खचली. भगवानने नव्याने गवत लावून दिलं, मात्र आता ते दाबायला हवं होतं. शाळेच्या मैदानावरचा रोलर मिळेना, कारण तिथे क्रिकेटचे सामने चालू होते. पाणी पोचलं नव्हतं ते फक्त पेरूच्या झाडाजवळच्या कोपऱ्यात. तिथे सपाटी तपासायची स्पिरिट लेव्हल ठेवली की बुडबुडा बरोबर मधोमध थांबायचा. घरी येईल त्याला हिंदुराव तो बुडबुडा दाखवत. घरी येऊन-जाऊन पोस्टमन आणि दूधवालाच येत, ही गोष्ट वेगळी.

राजाबाई पायरीवर मेथी निवडत होत्या. चाळीतल्या खोलीत असताना त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती, हातपाय पसरून बसता येईल एवढी मोकळी जागा.

“बघशील तू,” हिंदुराव त्यांना म्हणाले. “संध्याकाळी इथं गवतावर निवांत बसायचं.”

“कुणाबरोबर?”

हिंदुरावांना ते ऐकू आलं नाही असं नाही. पण तेवढ्यात त्यांना पिंप हलवायची घाई झाली.

अंबरनाथ पश्चिमेची ती खोली अजून सोडलेली नव्हती. मालकाने दिवाळीपर्यंत किल्ली मागितली होती आणि किल्ली राजाबाईंच्या कमरेला होती. गेल्या आठवड्यात जेवण वाढता वाढता त्या म्हणाल्या होत्या, “तुम्ही राहा इथं. मी आपली तिकडंच बरी. रविवारी येत जाईन.” दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी लॉनसाठी खताची आणखी पोती मागवली.

त्या संध्याकाळी ते सुतळी आणायला बाहेर पडले. नवरात्र लागलं होतं. कोपऱ्यावर परबांच्या अंगणात मुलींनी पाटावर हत्ती काढला होता आणि त्याभोवती फेर धरून भोंडला चालला होता. हिंदुरावांच्या गावी, साताऱ्याकडे, याला हादगा म्हणतात. हिंदुराव फाटकाशी उभे राहून बघत राहिले. गाण्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते पाय बघत होते. फेराखालची माती फरशीसारखी घट्ट झाली होती.

तिथूनच त्यांनी आमंत्रणाला सुरुवात केली. उद्या आमच्याकडे हादगा आहे, सगळ्यांनी यायचं. परबवहिनी जरा अंगाने सुटलेल्या होत्या, त्यांना त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या सासूबाईंनाही आणायला सांगितलं. सकाळी उठून ते अंबरनाथला गेले आणि राजाबाईंच्या चाळीतल्या मैत्रिणीला, सगुणाबाईंना, घेऊन आले. या सगुणाबाईंशी हिंदुरावांचं कधी पटलं नव्हतं. त्या चालायला लागल्या की गॅलरी हादरायची आणि यांच्या बशीतला चहा सांडायचा.

टांग्यातून सगुणाबाई उतरताना दिसल्या तेव्हा राजाबाई ओट्यावर डाळ वाटत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्या आत गेल्या, ट्रंकेतलं हिरवं इरकल नेसून आल्या आणि नवऱ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, “माझ्यासाठी एवढं केलंत?”

“हं,” हिंदुराव म्हणाले, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हादगा रंगला. पाट मधे मांडला होता. हिंदुराव दर गाण्यानंतर तो थोडा थोडा सरकवत होते. “जरा फाटकाकडं घ्या वहिनी, तिकडं वारा चांगला आहे.” “सगुणाबाई, तुम्ही या बाजूला या.” बायकांना वाटलं, काका मोठे हौशी. सगुणाबाईंचा पाय पडेल तिथे गवत मुकाट्याने खाली बसत होतं. मग राजाबाई कशाला तरी खळखळून हसल्या. चाळ सोडल्यापासून ते हसू घरात उमटलं नव्हतं. हिंदुराव पाट सरकवायचा विसरले आणि बघतच राहिले. या बाईवर आपला किती जीव आहे, हे त्यांना त्या घटकेला अगदी लख्ख कळलं.

बायका खिरापत खाऊन गेल्या. सगुणाबाई मुक्कामालाच राहिल्या होत्या, त्या आत चहा टाकत होत्या. हिंदुराव गवतावर उकिडवे बसून जागोजाग लेव्हल ठेवून बघत होते. तेवढ्यात राजाबाई झाकलेला डबा घेऊन आल्या.

“ओळखा. तुमची खिरापत राहिलीय.”

त्यांनी डबा हलवला. आत खडखडलं.

“फुटाणे?”

“नाही.”

“मग बत्तासे.”

“उघडा.”

डब्यात खोलीची किल्ली होती.

“मालकाला देऊन या,” राजाबाई म्हणाल्या. “दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं?”

हिंदुरावांनी डबा खाली ठेवला. “अगं, हे जे आज केलं ना... ते खरं म्हणजे मी गवत दाबायला...”

“माहीत आहे मला. सगुणाला तुम्ही तिच्या गळ्यासाठी आणलं नाहीत, हे तिलासुद्धा माहीत आहे.”

त्यांनी पदर खोचला आणि लॉनवरून नजर फिरवली. फोरमनसारखी, सावकाश.

“बाकी सगळं झालंय. तो पेरूजवळचा कोपरा तेवढा वर राहिलाय. उद्या बायकांना परत बोलवावं लागेल.”

हिंदुराव सवयीने उठले आणि पेरूखाली लेव्हल ठेवून वाकले. बुडबुडा मधोमध होता. केसभरही हलला नव्हता. त्यांनी लेव्हल उचलली, धोतराला पुसली आणि खिशात टाकली.

“चांगलाच वर आहे,” ते म्हणाले.