बिसेर्काचे पाय

मी धुणं वाळत घालून आत आले, तर बिसेर्का पुन्हा बांधलेली. खांद्यांपासून टाचांपर्यंत लाल काठाची पट्टी घट्ट गुंडाळून सासूबाईंनी तिला चुलीजवळच्या बाकावर ठेवलं होतं आणि पोरगी मजेत छताकडे बघत होती. सकाळीच नर्सबाई बजावून गेल्या होत्या, की हिच्या डाव्या खुब्यात खट्ट वाजतंय, पाय अजिबात बांधू नका, मांड्यांमध्ये जाड लंगोट घालून बेडकासारखे फाकलेले राहू द्या आणि उद्या झाग्रेबला मोठ्या दवाखान्यात दाखवा. सासूबाईंनी तेव्हा मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं!

“ती नर्स म्हणजे कालची पोर,” सासूबाई मला म्हणाल्या. “मुलीची जात आहे. सरळ बांधली तर सरळ वाढेल. पाय फाकवून ठेवले तर बेडकासारखीच चालेल.”

आमच्या झागोर्येच्या टेकड्यांत द्राक्षाची रोपं काठीला बांधतात तशीच पोरंही बांधत. प्रत्येक गावात दोन-चार बायका लंगडत चालायच्या, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. देवाने दिलं, झालं. मी घरात नवी सून. नवरा स्लावेक ऑस्ट्रियात इमारतींच्या कामावर, तो येणार नाताळला. मी कोणाच्या जिवावर भांडणार? माझी सगळी भिस्त वन्संवर होती.

टिल्डा वन्सं म्हणजे स्लावेकची मोठी बहीण. चाळिशी उलटलेली. घरीच शिवणकाम करायच्या. गावातल्या निम्म्या नवरीमुलींचे लग्नाचे झगे त्यांच्या हातचे, स्वतःचं मात्र राहिलं. डावा पाय आखूड, चालताना अंग एका बाजूला कलायचं. एकदा एका सुताराकडून विचारणा आली होती. त्याची आई बघायला आली, वन्सं वाइन आणायला उठल्या आणि तिथेच सगळं आटोपलं. हे त्या हसत सांगायच्या. “बसून राहिले असते तर जमलं होतं गं. उठले, तिथे घोळ झाला.” सगळे हसायचे. मला मेलीला कधी हसू आलं नाही.

सासूबाईंनी त्या पायासाठी काय करायचं ठेवलं नव्हतं. अंड्याची टरफलं लिंबाच्या रसात विरघळवून पाजली, बकरीचं दूध पाजलं, लेकीला पाठुंगळीला घेऊन बिस्त्रिकाच्या मेरीमातेला चालत नेलं आणि देवळात वेदीभोवती गुडघ्यांवर फेऱ्या घातल्या. पाळण्यात डोकावून ‘काय गोड पोर’ म्हणणाऱ्या शेजारणीचीच दृष्ट लागली असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या बाईशी त्या आजतागायत बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून मी आणि वन्सं बिसेर्काला घेऊन झाग्रेबला गेलो. डॉक्टर वयस्कर होते, बोलायला मऊ. वन्संना दारातून आत येताना बघूनच त्यांनी विचारलं, “बाई, तुम्हालाही लहानपणी बांधायचे का?” वन्सं म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्यांनाच बांधतात.

मग त्यांनी आम्हाला नीट समजावून दिलं. तान्ह्या बाळाचं हाड अजून पुरतं हाड नसतं, बरंचसं मऊ कूर्चाच असते आणि तिचं हाड हळूहळू बनत जातं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत टेकून राहिला, की खोबण त्याच्याभोवती खोल होत जाते, कणकेत मूठ दाबून धरल्यासारखी. पाय सरळ ताणून बांधले, की गोळा बाहेर सरकतो आणि खोबण उथळच राहते. मग पोर चालायला लागली, की लंगडते. काही मुलींचे सांधे रक्तातूनच सैल येतात, त्यांना तर बांधणं फारच वाईट. बिसेर्काचं वेळेत लक्षात आलं होतं. खांद्यांवरून पट्टे घेऊन पाय दुमडलेले ठेवायचे, बस्स.

वन्संचा हात आपोआप स्वतःच्या खुब्याकडे गेला. “मला मोकळं ठेवलं असतं तर?”

“बहुतेक बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. “पण तेव्हा कोणाला माहीत होतं?”

परतीच्या बसमध्ये मी उसळले. म्हटलं, आज मी आईंना सगळं तोंडावर सांगणार, नाहीतर त्या हे पट्टे सोडून पोरीला पुन्हा बांधतील आणि हिचाही जन्म वाया जाईल. बोलून गेले आणि जीभ चावली.

“काय सांगणार?” वन्सं शांतपणे म्हणाल्या. “जिला पाठीवर घेऊन बिस्त्रिकाला गेलीस, तिला तूच लंगडी केलीस, असं? मग तिने या वयात जगायचं कसं, नेवेंका?”

“आणि बिसेर्काचं काय?”

“ते माझ्यावर सोड.”

घरी पोचलो, तर सासूबाई पट्टे बघून म्हणाल्या, पोर आहे की घोडी? आणि सोडायलाच लागल्या. वन्सं त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या, त्यांचा हात धरला.

“आई, ही माझ्यावर गेलीय. हिचं हाड जन्मतःच कच्चं आहे, अगदी माझ्यासारखं. असल्या हाडाला बांधणं सोसत नाही म्हणाले डॉक्टर.”

सासूबाईंचे हात थांबले. “म्हणजे मी तुला...”

“नाही गं. तेव्हा औषधच नव्हतं. तू काहीही केलं असतंस तरी माझा पाय असाच राहिला असता.”

त्यानंतर सासूबाईंनी पट्टीला हात लावला नाही. उलट बिसेर्काचे पाय जरा जवळ आले, की मलाच ओरडायच्या. वसंतात डॉक्टरांनी पट्टे काढले, हाडाचा फोटो बघून म्हणाले, खोबण छान खोल झालीय. मी दवाखान्यातच रडले.

पुढच्या मार्टिनच्या सणाला, नवी वाइन चाखायच्या दिवशी, अंगणातल्या बाकाचा आधार सोडून बिसेर्का चालायला लागली. पाळीव हंसांच्या मागे आठ-दहा पावलं गेली असेल. मी टाळ्या पिटल्या, वन्संनी पिटल्या. सासूबाई नुसत्या तिच्या पायांकडे बघत राहिल्या.

“एकसारखे पडतात,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, “टिल्डा, हाड तुझ्यासारखंच कच्चं होतं ना हिचं?”

“हो, आई.”

“नुसतं मोकळं ठेवलं. औषध काहीच दिलं नाही.”

वन्सं बाकावर टेकल्या.

“माझं वेगळं होतं, आई,” त्या म्हणाल्या.

“नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या.

मग त्या बाकाजवळ जमिनीवर बसल्या, या वयात, सणाच्या स्वच्छ कपड्यांत. वन्संच्या डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि तो पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी चोळू लागल्या, तान्ह्या पोराचा चोळतात तसा. वन्संनी पाय ओढून घेतला नाही.