ढगातून गाळलेला शब्द

कुठल्याही दहा माणसांत एक असं असतंच, ज्याच्याकडे सगळी कामं उताराचं पाणी यावं तशी येतात. चर्चच्या बुधवारच्या बायबलवर्गात ते माणूस म्हणजे मावशी. वय बासष्ट. चौतीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं, निवृत्त झाल्या, आणि तेव्हापासून एक दुपार स्वतःची म्हणून मिळाली नाही. पत्रक टाइप करायचंय, मावशी. खुर्च्या कमी पडतायत, मावशी. कपाटाची किल्ली हरवली, तीही म्हणे मावशींकडेच असेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. मावशींच्या तोंडून "हो" निघून जायचं आणि मग घरी येऊन त्या भांडी आपटायच्या.

त्यात वर्गाच्या सचिवांना ढग सापडला.

सचिव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. उंटावरून शेळ्या हाकायची सवय तिथेच लागलेली. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, "मावशी, आता शब्दांच्या ढगाचे दिवस आलेत. अख्खा अध्याय कॉम्प्युटरमध्ये ओतायचा आणि बटण दाबायचं. जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा, कमी वेळा आला तो बारीक. एका नजरेत अध्यायाचं सार. अगदी सोपं आहे, तुम्ही करून टाका." सोपं असेल ते मावशींनी करायचं आणि अवघड असेल ते सगळ्यांनी मिळून मावशींना सांगायचं, अशी त्या वर्गात कामाची वाटणी होती.

पहिला ढग निघाला तर मधोमध हत्तीएवढा "आणि". त्याच्या पोटाखाली "तो", "ते", "म्हणाला". देव कुठे तरी कोपऱ्यात, चष्मा लावून शोधावा असा. कॉम्प्युटर बिचारा मोजतो, त्याला काय कळतंय. मग मावशींनी गाळायच्या शब्दांची यादी करायला घेतली. कामाचा नाही तो शब्द यादीत, म्हणजे कॉम्प्युटर तो मोजणारच नाही. तीन आठवड्यांत यादी एकशे चाळीस शब्दांवर गेली, आणि मग मात्र ढग बोलायला लागले. एका स्तोत्रात "दया" एवढी मोठी आली की मावशी खुर्चीत मागे टेकून बघत बसल्या. लहानपणापासून ते स्तोत्र पाठ होतं, पण दया अशी दिसली नव्हती कधी. काम आवडायला लागलं होतं, हीच तर पंचाईत.

एवढ्यात लेकीचा फोन आला. लेक राहायची सहा तासांच्या अंतरावर. पहिलंच बाळंतपण, आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. मागच्या वर्षी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मावशी तिसऱ्या दिवशी पोचल्या होत्या, कारण सचिवांच्या संमेलनाच्या फायली व्हायच्या होत्या. तेव्हा लेक काही बोलली नव्हती. आता बोलली.

"आई, येणार नसशील तर आत्ताच सांग. मी दुसरं कुणीतरी बघते. ऐन वेळी दाराकडे डोळे लावून बसायचं माझ्याने नाही होणार."

"येणार म्हणजे येणार. सोमवारचं तिकीट काढलंय."

"बघू," लेक म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं. ते "बघू" मावशींना आठवडाभर टोचत राहिलं.

आणि नेमकं त्या सोमवारच्या आदल्या रविवारी बाहेरच्या चर्चचे मोठे पाळक वर्ग बघायला येणार होते. सचिवांना हॉलच्या भिंतीवर बारा फुटी बॅनर हवा होता, दहा आज्ञांच्या ढगाचा. मुलं पाठ करतात त्या दहा छोट्या ओळी मावशींनी ओतल्या, बटण दाबलं, आणि मधोमध दरवाजाएवढा शब्द आला: "नको". आजूबाजूला बाकी सगळे, लेकरांसारखे. मावशींना तो ढग फार पटला. आज्ञाच त्या, दुसरं काय येणार?

सचिवांनी कागद हातात घेतला आणि त्यांचं तोंड कडू झालं. "हे काय, आल्या आल्या नको नको? पाहुणा दारातूनच परत फिरेल. काढा तो शब्द."

"अहो, पण तो काढला तर उरेल काय..."

"मावशी, तुम्ही फार विचार करता. एकशे चाळीस शब्द गाळलेत, त्यात अजून एक." खिशातून पेन काढून त्यांनी यादीच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहिलं: नको.

मावशींनी शब्द गाळून नवा ढग काढला आणि परत नेऊन दाखवला. सचिव फोनवर होते. लांबूनच बघून "रंग छान आलेत" म्हणाले. मावशी दाराशी थांबून राहिल्या. फोन संपल्यावर म्हणाल्या, "एकदा वाचून तरी बघा." ते म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे माझा, पाठवा छापायला." पालथ्या घड्यावर पाणी. तिथेच पाय रोवून उभं राहायला हवं होतं, हे मावशींना जिना उतरताना कळत होतं. तरी त्या उतरल्या, आणि बॅनर छापायला दिला. सोमवारची बॅग भरायची होती, कुणाकुणाशी भांडत बसणार?

रविवारी हॉल भरला. मोठे पाळक पहिल्या रांगेत. सचिवांनी ऐटीत दोरी ओढली, कापड खाली आलं आणि भिंतीवर बारा फुटांचा ढग उघडा पडला. "नको" गेल्यावर सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द उरला होता "करू". तो मधोमध, लालभडक. त्याला चिकटून "खून", "चोरी", "व्यभिचार", जरा खाली "खोटी साक्ष".

तिसऱ्या रांगेत नुकतीच वाचायला शिकलेली एक मुलगी होती. तिने बोट नाचवत मोठ्याने वाचलं, "खून करू. चोरी करू." मग बापाकडे वळून विचारलं, "बाबा, कधी?"

मागच्या रांगा रुमालात तोंड घालून हसायला लागल्या. मोठ्या पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शांतपणे विचारलं, "हा वर्ग किती दिवस चालू आहे म्हणालात?"

"टायपिंगची चूक झाली," सचिव म्हणाले.

चौतीस वर्षं. खुनाचे खटले, वाटण्या, घटस्फोट, हजारो पानं, आणि एकाही न्यायाधीशाने कधी कागद परत पाठवला नव्हता. पण भर हॉलमध्ये त्या काय बोलणार? गिळलं. नेहमी गिळतात तसं.

प्रार्थना उरकली, लोक पांगले. सचिव घाम पुसत मावशींकडे आले. "निस्तरलं बरं का. पुढच्या रविवारी परत येतो म्हणालेत. बॅनर नवा करू, आणि आता सगळ्याच धड्यांचे ढग एकदम लावून टाकू, म्हणजे आजचं विसरतील. आठवडाभर बसावं लागेल तुम्हाला."

"मी उद्या निघतेय. लेकीकडे."

"हो, पण तारीख वीसची ना? आणि पहिली बाळंतपणं लांबतातच. तिकिटाची काळजी तुम्ही करू नका, मी स्वतः बदलून आणतो."

मावशींच्या जिभेवर "हो" येऊन बसलं होतं, त्याला सवयच ती. लेकीचं "बघू" आठवलं. समोर भिंतीवर तो लाल ढग तसाच लटकत होता, बारा फुटांचा, आणि त्यात असायला हवा तो एक शब्द नव्हता.

"नको," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे बदलायला तुम्ही जाणार?"

"नको म्हणजे नको. तिकीट बदलायचं नाही. मी उद्या जातेय." पर्समधून त्यांनी यादी काढून सचिवांच्या हातात ठेवली. "खालचा शब्द तुमच्या अक्षरातला आहे. तेवढा खोडा आणि बटण दाबा. सोपं आहे, तुम्हीच म्हणाला होता."

सचिव यादी खालपासून वर वाचत उभे राहिले. मावशींनी थांबून बघितलं नाही.

त्या रस्त्यावर आल्या. स्टॉपवरच्या बाकड्यावर बसून त्यांनी लेकीला फोन लावला. "उद्या दुपारी तीनपर्यंत पोचते."

"त्यांनी अडवलं असेल," लेक म्हणाली. आवाजात आशा नव्हती, नुसती चौकशी होती.

"अडवलं ना. आठवडाभर थांबा म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"नको म्हणाले."

लेकीचा आवाज आला, भरलेला, लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा.

"आई, परत एकदा म्हण ना."

मावशींनी परत म्हटलं.