माइकच्या जाळीतला कापूस

ती गेल्याचे मला एका फोनवरून कळले. सकाळी तिचा नवरा, साउंडवाला, दवाखान्यातून एकटाच घरी आला, आतल्या खोलीत माझ्यासमोर बसला आणि त्याने रजयांच्या कारखान्यात फोन लावला. "तिची जागा दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला. "नाही, रजा नाही. ती गेली." पलीकडून काहीतरी विचारले असावे, कारण थोडे थांबून तो म्हणाला, "छातीनं." फोन ठेवल्यावर त्याने माझ्यावरची कापडी पिशवी काढली, माझी जाळी फिरवून उघडली, आतून कापसाचा छोटा पांढरा गोळा ओढून काढला आणि तो बोटांत धरून कितीतरी वेळ बसून राहिला.

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्या डोक्यावर तारेची गोल जाळी आहे आणि तिला एका बाजूला पोचा आलेला आहे. मला बनवणाऱ्या कारखान्यात चष्मा लावलेली एक बाई टेबलाशी बसून प्रत्येक नव्या माइकमध्ये बोलून पाहायची. तिचा "एक, दोन, तीन" हा मी ऐकलेला पहिला आवाज. तिने मान हलवली आणि मला खोक्यात घातले.

त्यानंतर कित्येक वर्षे मी एका सभागृहात काम केले. भाषणे ऐकली, बक्षिसांची नावे ऐकली, हरवलेल्या मुलाला हाका मारणारी आई ऐकली. एकदा स्टेजवरून पडलो, तेव्हाचा हा पोचा. पुढे नवीन माइक आले आणि मला भंगारात टाकायचे ठरले. तिथे साउंडचे काम करणाऱ्या माणसाने मला रुमालात गुंडाळले आणि घरी आणले.

"आता भंगारही घरात?" त्याची बायको म्हणाली. "आधीच एक आहे ना खुर्चीत बसलेलं."

"हे चालतं," तो म्हणाला.

"मग तुमच्यापेक्षा बरं आहे."

तिने मला हातात घेतले आणि दोन ओळी म्हटल्या. तेव्हा मला कळले, आता आपल्याला भाषणे ऐकावी लागणार नाहीत.

ती रजया आणि उशा शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. शिलाई मशीनच्या ठेक्यावर शब्दांना शब्द जोडून बोलायची तिला सवय लागली होती. बरोबरच्या बायका तिला 'तिखट' म्हणायच्या. मुकादम ओरडला तर ती त्याला यमकात उत्तर द्यायची, आणि बायका हसू दाबत खाली मान घालायच्या. अशा बोलण्याला रॅप म्हणतात हे तिला नवऱ्याकडून कळले. "म्हणजे मी इतकी वर्षं फुकटच करत होते," ती म्हणाली.

त्यांनी आतल्या खोलीत रेकॉर्डिंगची जागा केली. खोली घुमायची, रस्त्यावरचा आवाज यायचा. मग ती कारखान्यातून बाद झालेल्या रजया आणू लागली. कुणाची शिवण वाकडी, कुणाचे कापड फाटलेले. साउंडवाल्याने त्या चारही भिंतींवर ठोकल्या, एक दारावर टांगली, एक खिडकीवर. खोलीत बोललेला शब्द भिंतीत मुरून जाऊ लागला. रेकॉर्डिंग सुरू झाले की पंखा बंद करावा लागे, कारण त्याची घरघर माझ्यात येई. रजयांमधून बारीक तंतू सुटत आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या रेघेत तरंगत राहत. ती रेघ मला रोज दिसायची. खाली काही बसायचे नाही, सगळे तरंगतच असायचे.

आता मी तुम्हाला आमच्या कामाची रीत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच घडले.

रॅपचा आवाज एकदाच भरला तर तो बारीक, एकटा वाटतो. तो भरीव करायचा असेल तर तीच ओळ पुन्हा म्हणावी लागते. पहिली खेप मधोमध ठेवायची, दुसरी डाव्या कानात, तिसरी उजव्या कानात, या दोन जरा हळू. ओळीच्या शेवटच्या शब्दावर आणखी एक आवाज चढवायचा, म्हणजे तो शब्द छातीवर थाप मारल्यासारखा लागतो. एकच खेप यंत्रात कॉपी करून दोन्हीकडे ठेवली तर चालत नाही. त्याने आवाज मोठा होतो, भरीव होत नाही. माणसाने खरोखर पुन्हा म्हणावे लागते, कारण दर वेळी केसाएवढा फरक पडतो आणि त्या फरकातच सगळा भरीवपणा असतो.

"मधे एक, डावीकडे एक, उजवीकडे एक," ती म्हणायची. "एका बायकोत भागत नाही वाटतं तुमचं?"

"तिघी मिळून एक स्वयंपाक करत नाहीत," तो म्हणायचा. "चल, पुन्हा."

मग तो मिक्सिंगला बसे. ओळीतला मोठा आवाज दाबायचा, बारीक आवाज वर उचलायचा, म्हणजे सगळे शब्द एका उंचीवर येतात. पण यात एक अडचण असते. शब्दांबरोबर श्वासही वर येतात. दोन ओळींच्या मधला श्वास एवढा मोठा ऐकू येतो की जणू कुणी कानाशी येऊन उभे आहे. म्हणून साउंडवाला प्रत्येक श्वास शोधायचा आणि कापून टाकायचा. या कामात तो फार नेटका होता. "श्वास म्हणजे कचरा," तो म्हणायचा. "आधी झाडून घ्यायचं, मग सजवायचं."

त्यांची गाणी कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ऐकत. एका कार्यक्रमात तरुण पोरांनी विचारले, हा एवढा भरीव आवाज कुणाचा? तिने हात वर केला तेव्हा त्यांना खरे वाटेना. त्या दिवशी साउंडवाल्याने मला मऊ कापडाने पुसले. तसा तो दर आठवड्याला माझी जाळी उघडून ब्रशने साफ करायचाच. दर वेळी तिच्यातून कापूस निघायचा.

"बघ, किती साठतो याच्यात," तो तिला दाखवायचा. "असाच राहिला तर माइक कोंदून जाईल. आवाज बसेल याचा."

"करा, करा लाड त्याचे," ती म्हणायची आणि खोकायची.

मित्रांनो, माझ्या जाळीपर्यंत आलेला कापूस तो मोजूनमापून काढत होता. माझ्यापासून वीतभर अंतरावर तिचे तोंड होते.

माझ्याइतक्या जवळून तिला कुणी ऐकले नसेल. सुरुवातीला ती दोन ओळी एका दमात म्हणायची. मग एक ओळ म्हणू लागली. मग ओळीच्या मध्येच एक छोटा, शिट्टीसारखा श्वास येऊ लागला. तो मिक्सिंगमध्ये कापला जाई. तिचा आवाज बारीक झाला तेव्हा साउंडवाल्याने डाव्या-उजव्या बाजूला आणखी थर चढवले. ओळ अर्धी राहू लागली तेव्हा तो म्हणाला, "अर्धी म्हण, थांब, उरलेली नंतर म्हण. मी जोडतो." आणि तो असे जोडायचा की सांधा सापडू नये. माइकला फक्त ऐकता येते. मी जे ऐकत होतो ते सगळे त्याच्या मशीनपर्यंत पोचवत होतो, आणि तिथे ते साफ होत होते. खोलीतली ती दर गाण्यागणिक रिकामी होत होती आणि हेडफोनमधली ती भरत चालली होती.

हे एका माणसाच्या लक्षात आले. तिची मोठी बहीण. ती आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहायची आणि मग बोलायची.

"जिन्यात का थांबली होतीस गं?" ताईने विचारले.

"चप्पल निघाली होती."

"दोनदा?"

"अगं ताई, चप्पल जुनी आहे."

ताई साउंडवाल्याकडे वळली. "भाऊजी, हिला दम लागतो. मला बोलताना कळतंय. हिला दाखवून आणा कुणाला तरी."

साउंडवाला हसला. त्याच्या मनात वाईट नव्हते. त्याला खरेच वाटत होते की आपल्याकडे पुरावा आहे. "ताई, दम कमी असता तर हे जमलं असतं का?" असे म्हणून त्याने हेडफोन ताईच्या कानावर चढवला आणि नवीन गाणे लावले.

सुई चालते, बोट सोलते,
उशीला विचार, उशी काय बोलते.

कुठेही खंड नाही. एकही श्वास नाही. चारी बाजूंनी तिचाच आवाज, पुरासारखा. ताई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची काळजी हळूहळू उतरत गेली.

"बाई, बाई," ती हेडफोन काढत म्हणाली. "मला तर दोन जिने चढले तरी धाप लागते, असं बोलणं कुठलं!"

"मी म्हटलं ना," तो म्हणाला.

तिखट दाराच्या रजईला पाठ टेकून उभी होती. मला वाटते, त्या गाण्यावर तिचाही विश्वास बसला असावा.

त्यानंतर तिने एक मोठे गाणे घेतले. कारखान्यातल्या प्रत्येक बाईसाठी त्यात दोन ओळी होत्या. तिने त्या कामावरच जुळवल्या आणि जिच्या तिला तोंडपाठ करून दिल्या. गाणे पूर्ण झाले की ते जेवणाच्या सुट्टीत मोठ्या आवाजात लावायचे ठरले होते. ती सुट्टीच्या दिवशी दुपारी एकेकीच्या ओळी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची. फक्त कापूस पिंजायच्या यंत्रावरच्या बाईच्या ओळी राहिल्या होत्या, तेव्हा एका दुपारी तिखट माझ्यासमोर उभी राहिली, तोंड उघडले, आणि शब्दच आला नाही. नुसती ती शिट्टी आली.

"अहो," ती म्हणाली. "हे जोडता येईल का?"

साउंडवाल्याने हेडफोन काढला.

डॉक्टर काय म्हणाले ते त्याने नंतर ताईला फोनवर सांगितले, तेव्हा मी ऐकले. कापसाची धूळ. वर्षानुवर्षांची. डॉक्टरांनी एकच विचारले होते, घरात कुणाच्या लक्षात कसे आले नाही? ताईने पलीकडून काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. बराच वेळ तो नुसता "हो" म्हणत होता.

ती गेल्यावर त्याने भिंतींवरच्या रजया काढल्या. खोली पुन्हा घुमू लागली. मग त्याने जुने रेकॉर्डिंग उघडले, जसे मी त्याला दिले होते तसे, न कापलेले, आणि पहिल्या गाण्यापासून ऐकायला बसला. या वेळी तो शब्द नाही, मधले श्वास ऐकत होता. एकामागून एक गाणे तो ऐकत गेला आणि दर गाण्याला त्याची मान थोडी खाली गेली.

मग एका दुपारी कारखान्यातल्या बायका आल्या. त्या दारात चपला काढून, पदर सावरून, खोलीत दाटीने उभ्या राहिल्या.

"भाऊ, तिचं गाणं पुरं करा," त्यांच्यातली वयस्कर म्हणाली. "हिच्याच ओळी राहिल्यात. हिला पाठ आहेत. हीच म्हणेल."

पिंजणारी पुढे आली. तिच्या केसांच्या कडेला कापूस होता. "मला काही तिच्यासारखं जमणार नाही हं," ती म्हणाली. "हसायचं नाही कुणी."

"तू म्हण तर. हसायला मुकादम आहे," मागून कुणीतरी म्हणाले.

साउंडवाल्याने मला तिच्या तोंडाच्या उंचीला लावले. खिडकी उघडी होती, ती त्याने उघडीच ठेवली. हेडफोन चढवून त्याने हात वर केला.

पिंजते कापूस, उडतात ढग,
माझ्या हातांवर

आणि तिथे तो आला. छोटा, शिट्टीसारखा. मी त्याला ओळखत होतो.

"थांबा, पुन्हा म्हणते," पिंजणारी म्हणाली. "अर्धं अर्धं म्हटलं तर चालेल ना? ती म्हणायची, तुम्ही जोडता म्हणून."

साउंडवाल्याने हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला.

"नाही जोडणार," तो म्हणाला. "किती दिवस होतंय हे?"

"काय? हे होय? हे तर सगळ्यांनाच होतं, भाऊ."

त्याने एकेकीच्या तोंडाकडे पाहिले. मग चपला पायात घालत तो म्हणाला, "ओळी राहू द्या. चला, सगळ्या चला. दवाखाना चारपर्यंत उघडा असतो." जिन्यावरून उतरणारी पावले मी ऐकली. त्यातली बरीच पावले मध्येच थांबत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला सांभाळा. मला ते सांगायचे नाही. मला भरपूर सांभाळले गेले. तुमच्या घरात कुणी बोलता बोलता थांबत असेल, जिन्यात चप्पल निघाल्याचे सांगत असेल, तर ते तेवढे थांबणे ऐका. ते झाडून टाकू नका.

पिंजणारीला अजून मोठ्या तपासण्या करायच्या आहेत, आणि तिच्या दोन ओळी अजून रेकॉर्ड व्हायच्या आहेत.