पंचेचाळीस अक्षरांची ओळ

वेणीमाधव सरांनी कॉम्प्युटरवर नोंदी चाळणारी स्क्रिप्ट लिहिली, हीच मुळात आमच्या कारखान्याला लागलेली साडेसाती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून! सिन्नरला आमचा खोक्यांचा कारखाना. सर तिथले मॅनेजर, आणि मी नाशिकहून रोज एसटीने येऊन तिथले कॉम्प्युटर सांभाळणारी. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस आपला साहेबच असला, तर त्याला चूक सांगायची कोणी?

"तेजस्विनी, ओळी मध्येच तुटतायत. प्रिंटर बघ जरा," सर म्हणाले. "चारला गेणूची सही घ्यायचीय. कागद नीट छापून दे."

गेणूकाका बावीस वर्षं सात नंबरच्या मशीनवर आहेत. शिफ्ट संपली की प्रत्येकाने टॅबवर मराठीत नोंद लिहायची, असा आमच्याकडे नियम. सोमवारी काकांच्या पुढच्या शिफ्टला त्या मशीनचा पट्टा तुटला आणि ते चालवणाऱ्या दीपकची दोन बोटं गेली. सरांनी स्क्रिप्ट फिरवून 'सात नंबर' असलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढल्या. त्यात काकांची ओळ होती:

'सात नंबरचा पट्टा फाटलाय, बदलल्याबिगर चालवू'

पट्टा फाटलेला दिसत असून चालवू म्हणाले! म्हणजे दोष काकांचा. आज चूक कबूल करून सही, उद्यापासून घरी.

प्रिंटर ठणठणीत होता. असणारच. मग स्क्रिप्ट उघडली आणि डोकंच फिरलं. एका यादीचं नाव 'यादी', दुसरीचं 'यादी२', तिसरीचं 'यादी_नक्की'. कुठली नक्की ते देव जाणे. चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून सरांनी अक्षर मोठं करून, काना-मात्रा धरून पंचेचाळीस अक्षरांवर ओळ मोडली होती आणि ते विसरूनही गेले होते. अर्धा तास डोकं आपटून मी वैतागले आणि पंचेचाळीसचे साठ केले.

'सात नंबरचा पट्टा फाटलाय, बदलल्याबिगर चालवू नका.'

मी तीनदा वाचलं. मग कागद घेऊन तडक सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, टॅबवरची मूळ नोंद वाचली होतीत?"

"अगं, पाच हजार नोंदी! वाचायला लागू नयेत म्हणूनच तर स्क्रिप्ट लिहिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आधी चाळायचं असतं सर, मग मोडायचं! तुम्ही आधी ओळ मोडलीत. 'सात नंबर' असलेला तुकडा चाळणीत राहिला, 'नका' खाली पडलं."

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेपटाला असतो. इथे नेमकं शेपूटच गेलं होतं. ध चा मा करायला निदान कोणीतरी लागतं. इथे तर कोणी काही केलंच नव्हतं.

सरांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि पुन्हा वाचला. "गेणू बाहेरच बसलाय," ते एवढंच म्हणाले.

आम्ही दोघं बाहेर आलो. काका बाकावर बसले होते. शेजारी जुना कागद, त्यावर सही झालेली. चार वाजायचे होते, तरी आधीच करून ठेवलेली. मला रडू आणि राग एकदमच आला.

"काका, सही कशाला केलीत? 'चालवू नका' लिहिलं होतंत ना तुम्ही? आठवत नव्हतं?"

"आठवत व्हतं की ताई. पन कम्प्युटरचा कागद, त्यो कशाला खोटं बोलंल? म्हनलं आपलाच हात चुकला आसंल, 'नका' ऱ्हाऊन गेलं आसंल."

सरांनी नवा कागद पुढे केला. काकांनी ओळीवरून बोट सावकाश शेवटापर्यंत नेलं आणि 'नका'वर ठेवलं.

"काल दीपकच्या आईच्या पाया पडून आलो सायेब," ते म्हणाले. "म्हनलं, तुझ्या पोराची बोटं म्या घेतली."