जमनाबाईची पसंती

"तू सांग जमना, कोणती घ्यायची?"

तीस वर्षांच्या संसारात वसराम आडेने बायकोला असं पहिल्यांदाच विचारलं होतं. संभाजीनगरच्या शोरूममध्ये एकाच परदेशी कंपनीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पांढरी होती ते साधं मॉडेल. निळी दिसायला तशीच, पण इंजिन दुपटीनं ताकदवान, टायर रुंद आणि अंग जमिनीला टेकलेलं.

वसराम कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा. लग्नानंतर पंधरा वर्षं नवरा-बायको ऊसतोडीला गेले. तो तोडायचा, ती मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन, लाकडी फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. पुढे त्याने रस्त्यांचे ठेके घ्यायला सुरुवात केली, जम बसला, तांड्यावर दुमजली घर झालं. जमनाबाईचा मणका मात्र त्या मोळ्यांनी कायमचा अधू केला. दर महिन्याला नांदेडच्या डॉक्टरकडे जावं लागे, आणि जीपमध्ये ती दात आवळून बसे. तिच्यासाठी म्हणून ही गाडी घ्यायची होती. निदान सगळ्यांना त्याने तसंच सांगितलं होतं.

जमनाबाईने घाई केली नाही. चपला बाहेर काढून ती आधी पांढरीच्या मागच्या सीटवर बसली, पाठ टेकली आणि थोडा वेळ डोळे मिटून घेतले. मग निळीत बसली. तिच्यातून उतरताना तिला दार धरावं लागलं. पुन्हा पांढरीत जाऊन बसली.

"ही घ्या," ती म्हणाली. "हिच्यात कंबर टेकते. त्या निळीत खड्ड्यात बसल्यावानी होतंय."

"मॅडमचं बरोबर आहे," सेल्समन म्हणाला. "हिचं सस्पेन्शन मऊ आहे. निळी म्हणजे चालवणाऱ्याची गाडी, सर."

चालवणाऱ्याची! वसरामने निळी बायपासवर नेली. पाय जरा दाबला तर पाठ सीटला चिकटली, आणि इंजिनचा आवाज थेट छातीत उतरला. हिंगोलीच्या हिरासिंग ठेकेदाराकडे याच कंपनीची पांढरी होती. तिला मागे टाकून आपण कसे जाऊ, ते वसरामला डोळ्यांपुढे दिसलं. परत आला तेव्हा त्याचं ठरलं होतं.

"निळीच घेऊ. तुला यातलं काय कळतंय? होईल सवय."

"बरं," जमनाबाई म्हणाली आणि तिने चपला घातल्या.

तांड्यावर नारळ फुटला. पोरांनी फोटो काढले. पहिल्या महिन्यात नांदेडला जाताना वसरामने आरशात पाहिलं, तर मागे जमनाबाई दोन्ही हात सीटवर रोवून अंग उचलून धरत होती. प्रत्येक खड्डा तिच्या पाठीत जात होता.

"तकलीफ होऊन राहिली का?"

"न्हाई."

तिसऱ्या महिन्यात तो कामावरून घरी आला तर ती नव्हती. शेजारच्या बेबीबाईने सांगितलं, "वहिनी तर एसटीनं गेली नांदेडला. गोधडी घेऊन गेली पाठीला."

त्याने गाडी पळवली. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर बस उभी होती. जमनाबाई पुढच्या खिडकीत बसली होती, पाठीमागे गोधडीची घडी.

"उतर, म्या नेतो," तो खालून म्हणाला.

"राहू द्या. तिकीट काढलंय."

आवाजात राग नव्हता. बस निघाली. वसराम तिच्या मागे मागे नांदेडपर्यंत गेला. वाटेत कुठेही तो एसटीला सहज मागे टाकू शकला असता. त्याला ते जमलं नाही.

त्यानंतर त्याच्या एक गोष्ट ध्यानात यायला लागली. आधी तो विचारत नसे, तरी जमनाबाई सांगत असे. अमक्या भागीदाराची नजर बरी न्हाई, मजुरांना सणाआधी सुट्टी द्या, विहीर वरच्या अंगाला खोदा. कधी तो ऐके, कधी खेकसे, पण ती बोलायची थांबत नसे. आता तो विचारू लागला होता, आणि ती म्हणत होती, "तुमी पाहा."

आठ महिन्यांनी त्याने निळी देऊन टाकली आणि पांढरी आणली. नांदेडच्या वाटेवर जमनाबाईला मागच्या सीटवर झोप लागली. वारंगा फाट्यावर चहाला थांबले तेव्हा तो म्हणाला, "तुझंच बराबर होतं जमना. म्या तवाच ऐकायला पायजे होतं."

"व्हय," ती म्हणाली.

त्याला वाटलं, आता ती बोलेल. चार गोष्टी सुनावेल. तो वाट पाहत राहिला. मग त्यानेच विषय काढला. लेकीला, मिनाला, दोन स्थळं आली होती. एक पुसदचं, एक नांदेडचं.

"तुला कोणतं बरं वाटतं?"

"तुमाला योग्य वाटंल ते करा."

"अगं, लेकरू तुझंबी हाय. काहून असं करून राहिली?"

"म्या काय करून राहिले?" तिने खरंच नवल वाटून विचारलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "चला, डॉक्टर निघून जाईल."

ती रागावली असती तर त्याने समजूत घातली असती. पण ती रागावलेली नव्हतीच. त्या दिवशी शोरूममध्ये चपला घालताना तिने काहीतरी कायमचं सोडून दिलं होतं, आणि ते परत कसं मागायचं हे वसरामला कळत नव्हतं.

पुसदचं स्थळ त्याने एकट्याने ठरवलं. मिनालाही मुलगा आवडला. माणसं चांगली निघाली. लग्नात जो तो येऊन म्हणत होता, "वसरामभाऊ, घर अगदी पारखून निवडलं."

तो मान डोलवत होता आणि बायकांच्या गर्दीत जमनाबाईला शोधत होता. ती विहिणीशेजारी बसून तिच्याशी हसून बोलत होती. हे घर तिला आवडलं होतं की नाही, ते त्याला तेव्हाही माहीत नव्हतं.