सावरीच्या कापसाची गादी

धुरपताबाईंनी नातवासाठी आणलेली फोमची गादी करिष्मानं प्लास्टिकच्या पिशवीसकट अंगणात फेकली, त्या दिवसापासून त्या घरात दोन चुली तेवढ्या झाल्या नाहीत, बाकी सगळं झालं. सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य ब्रह्मपुरीत काही नवलाचं नाही. पण या भांडणाला आता धार आली होती, कारण ते अडीच वर्षांच्या रोशनवरून होतं. पोराला धाप लागायची, छातीतून शिट्टी वाजायची. लेकरू झोपतं तिथं धूळ नको आणि उग्र वासाचं काही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पेट्रोल पंपावानी वास येऊन राह्यला हिले," करिष्मा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "लेकराचा जीव घ्याचा हाये का, मामीजी?"

"सारं गाव झोपते फोमवर. कोनी मेलं नाई," धुरपताबाई म्हणाल्या. "तुह्या मोबाईलातलं ग्यान तुह्याजवळच ठेव."

खरं सांगायचं तर त्या गादीला वास येतच होता. करिष्माचं चुकत नव्हतं. चुकलं असतं तर परवडलं असतं, कारण एकदा बरोबर ठरलेल्या माणसाचं नाक फार वर जातं. तिनं मोबाईलवर डोळे फुटेस्तोवर वाचलं होतं. फोम नको, त्यात चिकटद्रव्यं असतात. शेतातला कापूस नको, त्याच्यावर बोंडअळीची फवारणी झालेली असते. ऑनलाइन मिळणाऱ्या 'ऑरगॅनिक' गादीवर विश्वास कुणाच्या भरवशावर ठेवायचा, तसं छापायला काय लागतं? मग तिला जंगलातली काटसावर आठवली. तिला ना कुणी खत घालत, ना कुणी फवारत. पोंभुर्ण्याला तिच्या बापानं, लटारूभाऊनं, उन्हाळ्यात सावरीची बोंडं वेचून कापूस घरात ठेवलेलाच होता. तिनं आईला, मनकर्णाबाईला, फोन केला, आणि दिवाळीनंतर माहेरहून गादी आली. पांढऱ्या मांजरपाटाची, हातशिलाईची, उचलली तर फुलासारखी हलकी.

करिष्मानं गादीत तोंड खुपसलं आणि तिला भरूनच आलं. मृगाआधी बाप पेरणीचं धान बाहेर काढायचा तेव्हा घरभर असाच वास सुटायचा. लहानपणी ती त्या धानाच्या ढिगाशेजारी खेळत बसायची. सासरच्या घरात पहिल्यांदाच काहीतरी आपलं आलं, असं तिला वाटलं.

धुरपताबाईंनी दारातूनच नाक मुरडलं. "कायचा तरी वास येते व हिले."

"गादीले नाई येत. तुमचं जळून राह्यलं, त्याचा येते," करिष्मा म्हणाली. "माह्या मायबापाच्या घरचं आलं म्हनून नाकाले मिरच्या झोंबल्या. आता या गादीले हात लावाचा नाई अन् या खोलीत पाय ठेवाचा नाई."

सासूला असं बोलताना तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. धुरपताबाईंनी पदर कमरेला खोचला, सुनेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अंगणातली फोमची गादी उचलून गच्चीवर नेली आणि उन्हात टाकली. रोज ती उलटीपालटी करायच्या, वर काठीनं झोडपायच्या. काठीचा आवाज खाली मुद्दाम ऐकू यावा असाच असायचा. दोघींच्या मधला हेमराज सकाळी उठून जीप घेऊन गडचिरोलीच्या रस्त्याला लागायचा. बायकोची बाजू घेतली तर आई जेवायची नाही आणि आईची घेतली तर बायको वाढायची नाही, म्हणून त्यानं तोंडाला कुलूपच लावलं होतं.

रोशनची धाप मात्र वाढली. डोळे चुरचुरायचे, नाक गळायचं, झोपेतून उठला की पोर माशासारखं तोंड उघडून श्वास घ्यायचं. करिष्मा भ्यायची आणि भ्याली की सासूवर तुटून पडायची. देवघरातली उदबत्ती बंद झाली. फोडणीला मिरची बंद झाली. धुरपताबाईंची गुडाखूची, दातांना लावायच्या तंबाखूची, डबी उकिरड्यावर गेली. तरी शिट्टी काही थांबेना. मग करिष्मानं शेवटचं कारण शोधून काढलं, की पोराला आजीच बाधते.

"लेकरू कायवर झोपते?" दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"सावरीच्या कापसाची गादी हाये जी. जंगलातली. शुद्ध."

"वास वगैरे?"

"नाई जी. कायचाच नाई."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या नाकाला तो वास नव्हताच, ते तिचं माहेर होतं.

नातवाचं दुखणं ऐकून मनकर्णाबाई बस बदलत बदलत पोंभुर्ण्याहून आली. सोबत त्याच कापसाची उशी होती. चहा व्हायच्या आधीच दोघी विहिणी जुंपल्या. धुरपताबाई खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, मनकर्णाबाई आत गादीवर रोशनला मांडीत घेऊन बसली होती.

"गादी आली तवापासून लेकरू जास्त बिमार झालं, ईनबाई," धुरपताबाई म्हणाल्या. "माह्या तोंडावर दार लावते तुमची पोरगी. पन मी पाहून राह्यली. त्या जुन्या कापसात किडे असन, घुशीची घान असन."

मनकर्णाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या हातच्या गादीत किडे!

"किडा?" ती कडाडली. "कापूस गोनपाटात नाई ठेवला मी. बिजाईच्या ढोलीत ठेवला. पेरनीचं धान ज्यात ठेवतो ना, शेनानं सारवलेल्या ढोलीत. अन् धानाले मारतो तेच पावडर मारलं, थरावर थर. उंदीर मरते त्या वासानं, तुम्ही किड्याचं सांगता! एक मुंगी काढून दाखवा, नाव बदलून टाकीन."

चहा घेऊन आलेल्या सुनेकडे धुरपताबाईंनी वळून पाहिलं.

करिष्मानं हातातली कपबशी खाली ठेवली. पेरणीचं धान. पावडर. माहेरी ते धान बाहेर काढलं की आजी ओरडायची, लेकरायले दूर करा, हात तोंडात घालू देऊ नका. ते ओरडणं तिला आता आठवलं. वास तेवढा जपून ठेवला होता आणि ओरडणं विसरली होती. फोमला केमिकल म्हणणारी, शेतातला कापूस नको म्हणणारी ती, रोज कीड मारायच्या पावडरच्या गादीवर पोराचं तोंड टेकवून त्याला थोपटत होती. सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिनं त्या बाईला उंबऱ्याबाहेर काढलं होतं. लाज आणि संताप एकदमच उसळले. संताप कुणावर काढावा, हे तिला पहिल्यांदाच कळेना.

"माय, त्याले सोड," ती म्हणाली.

"काऊन व?"

"सोड म्हनलं ना!"

तिनं आईच्या मांडीवरून पोर अक्षरशः ओढून घेतलं. मनकर्णाबाई घाबरून बघत राहिली. "मी का वाईट केलं व बाई? किड नाई लागली पायजे म्हनून तं…" पण करिष्मानं तिच्याकडे पाहिलं नाही. ज्या बाईचं तोंड पाहायला नको असं ती गल्लीभर सांगत होती, त्याच बाईपुढे ती उंबऱ्यापाशी गेली आणि रोशनला तिच्या हातात दिलं.

धुरपताबाईंनी नातवाला खांद्यावर घेतलं, पदरानं त्याचं नाक-तोंड पुसलं, अंगातला सदरा तिथंच उतरवून खाली टाकला. पोर आजीच्या गळ्याला घट्ट बिलगलं. करिष्मानं त्याच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला, तशा त्या एक पाऊल मागे सरल्या.

"शिवू नको," त्या म्हणाल्या. आवाज वाढवलासुद्धा नाही. "आधी आंग धू, लुगडं बदल. तुह्याच आंगाले तो वास हाये."